देवाने उजवा दिला होता

मेडिकलची तयारी करणाऱ्या पोरांचा इंटरेस्ट जातो म्हणतात. जातो म्हणजे काय, खिशातून रुमाल पडावा तसा पडतो? तुझा का गेला, हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता कोणी नुसतं तोंड उघडलं तरी माझ्या कपाळाला आठी पडते. "गो, असा काय झाला? एवढी हुशार होतंस." होते हुशार. मार्क बरे पडत होते, रक्ताला भीत नव्हते, प्रेमाबिमात पडले नव्हते. मग काय झालं ते एकदाच सांगून टाकते, म्हणजे पुन्हा कोणी विचारायला नको.

आमचं घर आचऱ्याच्या पुढे, खाडीच्या तोंडाशी. बाबांची होडी आहे आणि मासे पोचवायला एक पिकअप. आई मासे कापायला विळीवर बसली की मी तिच्यासमोर पाट टाकून बसायचे. बांगड्याचं पोट फाटलं की आतून काय काय निघतं ते बघायचं, अंड्यांची गाबोळी कुठे असते, कल्ले कसे एकावर एक रचलेले असतात, काळीज केवढंसं असतं. ते काळीज मी मागून घ्यायचे आणि बशीत ठेवून बघत बसायचे. आई म्हणायची, "शिरा पडो तुज्या तोंडार, खावक नको नि बघूक व्हया." पण द्यायची.

एवढ्यावरून बाबांनी ठरवलं की आपलं चेडू, म्हणजे मी, डॉक्टर होणार. बाबांचंही काही चुकलं असं नाही. मालवणात एका डॉक्टरांच्या घरी ते वर्षानुवर्षं मासे पोचवतात. मागच्या दारानं जायचं, टोपलीतलं दाखवायचं, बाई निवडून घेईपर्यंत पायरीखाली उभं राहायचं. कोणी कधी अपमान केला नाही, उलट चहा विचारतात. पण पुढच्या दारावरची ती पाटी बाबांच्या डोक्यात बसली होती. तशी पाटी आपल्या दाराला, आपल्या पोरीच्या नावाची. आमच्या वाडीत कोणाला बरं वाटेनासं झालं की गाडी शोधण्यापासून सुरुवात, त्यामुळे बाबांचं म्हणणं सगळ्या वाडीला पटलं. माझ्याशिवाय सगळ्यांचं बोलून झालं.

मग बाबा आबांकडे गेले. आबा म्हणजे आमच्या गावचे मानकरी, बाबा त्यांना काका म्हणतात. आमच्यापासून दोन घरं सोडून राहायचे, बायको गेलेली, मुलगा मुंबईला. देवळात साऱ्या गावाच्या वतीनं देवाशी बोलायचा, म्हणजे गाऱ्हाणं घालायचा, मान त्यांच्या घराण्याचा. त्यांचा आवाज असा की सभामंडपाच्या बाहेर चपला सांभाळणाऱ्यालासुद्धा शब्द न् शब्द कळावा. मी तेव्हा दहावी पास झाले होते. आबांनी गुरवाला कौल लावायला सांगितलं. देवाच्या पाषाणावर दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि थांबायचं. उजवीकडची आधी पडली की देवानं उजवा दिला, म्हणजे देव हो म्हणाला. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. उजवीकडची पडली.

बाबांनी तिथेच डोळे पुसले. आबांनी गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरू तुज्या पायाकडे इलासा. ह्येका डॉक्टर कर, ह्येच्या हाताक गुण दी, नि गावाची सेवा ह्येच्याकडसून करून घे." आणि मागून सगळे, "व्हय म्हाराजा." मीही म्हटलं. सगळे म्हणतात तेव्हा तोंड आपोआप हलतं.

तेव्हापासून दर जत्रेला माझं गाऱ्हाणं वेगळं. बागायतीसाठी एक, होड्यांसाठी एक, मुंबईकरांसाठी एक आणि माझ्यासाठी एक. मला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं, खोटं कशाला बोलू.

पण आमची माणसं म्हणजे बाजारात तुरी नि भट भटणीला मारी. मी बारावीत असतानाच बाबांनी पुढच्या पडवीतली खोली रिकामी केली. तिथं जाळी असायची, ती मागच्या मांगरात, म्हणजे खोपीत गेली. भिंतींना पांढरा रंग दिला. मालवणातून एक लांब टेबल आणलं, त्यावर रेक्झिन ठोकून घेतलं, वर उशी. वाडीतली माणसं येऊन बघून जायची आणि त्या खोलीला 'दवाखानो' म्हणायला लागली. कोणाचं लग्न असलं की पाहुणे त्या टेबलावर झोपायचे, तरी तो दवाखानोच.

आणि माणसं यायला लागली. गंमत वाटेल, पण मला नाही वाटली. कोणी शुगरचा रिपोर्ट घेऊन, कोणी पायाची जखम घेऊन, कोणी सुनेला दिवस जात नाहीत म्हणून. मी सांगायचे, मला काही येत नाही, मी अजून परीक्षाही दिलेली नाही. तर म्हणायचे, "बघ तरी बाय. तुजो हात लागलो तरी पुरे." मी जखमेला हात लावायचे नाही, तर हसून जायचे आणि बाहेर आईला सांगायचे, पोरगी लाजाळू आहे. आजारी माणसाची किळस नव्हती मला. भीती वाटायची ती त्यांच्या डोळ्यांची. ते माझ्याकडे बघायचे तेव्हा त्यांना मी दिसतच नव्हते.

पहिल्या खेपेला नीटला थोडक्यात गेलं. रिपीट करायचं ठरलं, म्हणजे बाबांनी ठरवलं. घाटावर एका शहरात क्लासला घातलं, हॉस्टेलवर ठेवलं. तिथं मी जीवशास्त्र पहिल्यांदा फक्त 'नीट'साठी शिकले. पुस्तकातली ओळ डोक्यात बसवायची, त्या ओळीतला शब्द बदलून प्रश्न येतो, तो बदललेला शब्द पकडायचा. एकदा माशाचं हृदय चाललं होतं. दोन कप्प्यांचं असतं. मी ते कितीदा बशीत ठेवून बघितलेलं. मी हात वर केला आणि विचारलं, दोनच का? आपल्याला चार लागतात, माशाला दोनवर कसं भागतं? सर वाईट नव्हते. घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "बेटा, 'का' पेपरात येत नाही. किती कप्पे ते येतं." पोरं हसली नाहीत की काही नाही, सगळ्यांनी खाली मान घालून 'दोन' लिहिलं.

मीही लिहिलं. त्या दिवशी माझ्यातलं काहीतरी बंद पडलं, होडीचं मशीन भर खाडीत बंद पडतं तसं. चिडचिड होईना, रडू येईना. टेस्टला बसायचे, गोल काळे करायचे, मार्क यायचे. मार्क येत होते हीच पंचाईत. नापास झाले असते तर सुटले असते. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीलाही तसंच झालेलं, तिनं घरी सांगितलं, रडारड झाली आणि ती गेली निघून. तिच्यासाठी गावानं देवाला साकडं घातलेलं नव्हतं.

एप्रिलात शेवटच्या अभ्यासासाठी घरी आले. न्यायला बाबा पिकअप घेऊन कणकवलीला आले होते. वाटेत मी मनात वाक्य जुळवत होते. बाबा, माका ह्या नको. एवढंच. कणकवली सुटली तेव्हा म्हणायचं होतं, मग म्हटलं पुढचा चढ संपू दे. बाबा आपले खुशीत. सांगत होते की जत्रेत आबांनी माझ्यासाठी असं गाऱ्हाणं घातलं की बायका रडल्या. "देव तरी किती वेळ थांबतलो? ह्या वर्साक चेडू मेडिकलाक जातलाच." मी काचेतून बाहेर बघत बसले. घर आलं तरी वाक्य तोंडातच होतं.

मग परीक्षा जवळ येईल तसतसं ते वाक्य जड व्हायला लागलं. आई जेवायला वाढायची आणि माझ्याकडे बघत राहायची. तिला काहीतरी कळलं होतं. एकदा म्हणाली, "तुज्या पोटात काय ता बोल." मी म्हटलं, "भूक." तिनं आणखी भात वाढला.

एका दुपारी मी दवाखान्यातच अभ्यासाला बसले होते, खोली थंड असते म्हणून. ऊन असं की अंगणात उघड्या पायानं जाता येत नव्हतं. आबा आले. चालत आले होते, डोक्यावर टॉवेल. दारात आल्या आल्या त्यांनी चौकट धरली. चेहरा राखेसारखा झालेला, बनियन घामानं अंगाला चिकटलेलं.

"काय झाला आबा?"

"काय नाय गो. पित्त झाला दिसता. छातीर कोणतरी बसल्यासारख्या वाटता." आणि माझ्या पुस्तकांशेजारून जाऊन त्या रेक्झिनच्या टेबलावर आडवे झाले. अगदी हक्कानं. "बघ जरा."

मी उठून हाक मारली. बाबा मागनं आले, जाळं विणत होते, हातात सुई तशीच. आई आली. आबांनी डावा हात उजव्या हातानं धरून ठेवला होता. जबडा दुखतो म्हणाले. आता हे ओळखायला मेडिकल कशाला लागतं? बसस्टँडवरच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. मी म्हटलं, "बाबा, गाडी काढा. मालवणाक जावया. आत्ताच."

"मालवण कित्याक?" आबा डोळे मिटून बोलले. "तू आसस मां. तुजो हात लागांदे, पुरे."

"आबा, ह्या हार्टचा आसा."

"आसांदे. देवान उजवो दिलेलो आसा." हे ते अगदी शांतपणे बोलले. "मीच इचारलेलंय नि माकाच दिलान. तुज्या हाताक गुण आसा. हयसर बरा वाटतला माका. थंय गेल्यार मरान."

मी बाबांकडे बघितलं. वाटलं आता बाबा त्यांना उचलतील. बाबा म्हणाले, "बघ तरी एकदा. काकांका बरा वाटतला. मगे जावया."

बाबांच्या आवाजात काळजी होती, पण नुसती काळजी नव्हती. त्यांनी ही खोली रंगवल्यापासून याच घडीची वाट बघितली होती. टेबलावर गावचा मानकरी आणि शेजारी आपली पोरगी. मला तो आवाज अजून ऐकू येतो आणि अजून राग येतो.

मी आबांचं मनगट धरलं. नाडी सापडेना. सापडली असं वाटलं, तर अंगठा माझाच, नाडी माझीच. हृदयावरचे सगळे प्रश्न मला पाठ होते, झडपांची नावं, कप्प्यांचे दाब, कुठली लाट कुठल्या वेळी, सगळं. आणि एका म्हाताऱ्याचं मनगट धरून मला ते चालू आहे की नाही हे कळत नव्हतं. आबा डोळे मिटून पडले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर निर्धास्तपणा होता. मी हात धरलाय म्हणून ते निर्धास्त झाले होते. मी हात धरून ठेवला तर हे माणूस याच टेबलावर समाधानानं मरणार, हे मला लख्ख दिसलं.

मी हात सोडला.

"आबा, डोळे उघडा. माज्याकडे बघा. मी डॉक्टर नाय."

"होतलस."

"होतलंय पण नाय. माका डॉक्टर होवचाच नाय. क्लासात बसतंय, पेपर लिवतंय, पण माका ह्या नको आसा. कधीचाच नको आसा. देवान उजवो दिलान तरी नको. माज्या हाताक कसलो गुणबिण नाय. माज्या भरवशार हयसर पडलात तर मरतलात तुमी."

आबांनी डोळे उघडले होते. माझ्याकडे असे बघत होते, जणू मी त्यांच्या मुस्काटात दिली होती. त्यांचं दुखणं वाढलं का काय, असं मला वाटलं. बाबांकडे बघायची तर हिंमतच नव्हती. जाळं विणायची सुई खाली पडल्याचा आवाज तेवढा आला.

मग आबांनी कोपर टेकलं. स्वतःच उठायला लागले. "मगे चला," म्हणाले. "मगे हयसर पडान काय करू?"

बाबा तसेच उभे. आई त्यांच्या अंगावर ओरडली. माझ्या आईला मी कधी बाबांवर ओरडताना ऐकलं नव्हतं. "उबे काय रवलात? चावी खंय आसा? माणूस जाता हयसर." तेव्हा बाबा हलले.

आबांना पिकअपच्या पुढे घेतलं, आई त्यांना धरून बसली आणि मी मागे, माशांच्या रिकाम्या क्रेटांमध्ये. वाटेत एकदाही गाडी थांबली नाही. मागच्या काचेतून मला बाबांची मान दिसत होती. ती एकदाही वळली नाही. मला वाटत होतं, आबा वाटेतच गेले तर गाव म्हणणार, पोरीनं त्यांना बोलून मारलं. आणि खरं सांगते, मलाही तसंच वाटलं असतं.

मालवणात इसीजी काढला, गोळ्या चघळायला दिल्या, इंजेक्शन दिलं आणि ॲम्ब्युलन्समध्ये घालून मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. आबा वाचले. तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्याहून फार मोठ्या नसतील. बाबांना म्हणाल्या, "वेळेत आणलंत. आणखी थोडं थांबला असता तर कठीण होतं. कोणाच्या लक्षात आलं?"

बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "आमच्या मुलीच्या. नीटची तयारी करते." हॉस्पिटलात बाबा शुद्ध मराठी बोलतात.

"अरे वा. मग काय, येणारच आमच्यात," असं म्हणून त्या गेल्या.

झालं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. दुसऱ्या दिवशी सकाळपासून बाबांचा फोन चालू. कॉरिडॉरमध्ये उभे राहून गावातल्या एकेकाला सांगत होते, "आमच्या चेडवान वळाखलान. ती नसती तर काका खंयचे वाचतत." मी जे बोलले होते ते त्यातून गायब. मी बाकावर बसून ऐकत होते. आदल्या दिवशी बोलले ते माणूस मरत होतं म्हणून, पाठीत कोणीतरी ढकलल्यासारखं बोलले. आता सगळं शांत होतं, सगळे खूश होते, आणि याच सगळ्यांसमोर ते पुन्हा बोलणं मला जमेल असं वाटत नव्हतं. नाही बोललं तर काय होणार तेही कळत होतं. यंदा नाही तर पुढच्या वर्षी, मार्क येणार. पाटी लागणार. आणि ती माणसं त्या टेबलावर येऊन पडणार, निर्धास्त चेहऱ्यानं.

दुपारी आबांना भेटायला आत सोडलं. नाकाला नळी, हाताला सलाईन. तो देवळातला आवाज पार बसलेला, कान जवळ न्यावा लागत होता. बाबा पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले, आई स्टुलावर. आबांनी मला जवळ बोलावलं आणि मनगट पुढे केलं. मी नाइलाजानं धरलं.

"काल बोल्लस ता," आबा म्हणाले, "माका हयसर आणूक म्हणान खोटा बोल्लस मां?"

मी सलाईनच्या थेंबांकडे बघितलं.

"माका कळला ता. रात्रभर त्याचोच इचार करी होतंय. माका उठवचा म्हणान तू खोटा बोल्लस. होय मां?"

ते हसत होते. मला वाट करून देत होते बिचारे. बाबा पुढे वाकले. आई माझ्याकडे बघत होती. फक्त 'होय' म्हणायचं होतं. 'होय आबा, खोटंच बोलले.' आबा बरे झाले असते, बाबा बरे झाले असते, देवाचा कौल खरा झाला असता, गावात पेढे वाटले असते. या शब्दाइतकं सोपं माझ्या आयुष्यात तेव्हा दुसरं काही नव्हतं. आबांच्या मनगटात या वेळी नाडी मला लागली. बारीक होती, पण होती.

"नाय आबा," मी म्हटलं. "खराच बोल्लंय."

त्यांचं हसू गेलं. हात मात्र त्यांनी काढून घेतला नाही. छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मगे इतकी वर्सां मी देवाक कोणासाठी सांगी होतंय?"

"बाबांसाठी," मी म्हटलं.

बोलून गेले आणि जीभ चावली. एवढं बोलायचं नव्हतं. आबांनी मान वळवून पायथ्याकडे बघितलं. बाबांनी पलंगाची दांडी दोन्ही हातांनी धरली होती. आता संतापतील, निघून जातील, असं मला वाटलं. आईलाही तसंच वाटलं असणार, ती स्टुलावरून अर्धी उठली.

बाबा कुठे गेले नाहीत. दांडी सोडली नाही. त्यांचा चेहरा आधी आवळल्यासारखा झाला आणि मग सुटला.

"होय काका," बाबा म्हणाले. "माज्यासाठीच."